रौप्य नाण्यांची प्रतवारी व छायाचित्रें : जोगळटेंभीच्या संचयावरून कांहीं विचार

चांदीच्या जुन्या नाण्यांच्या हल्लींच्या विक्रीयाद्या चाळल्या असतां असें दिसतें कीं, प्रत्येक नाण्यापुढें प्रथम त्याची प्रत लिहिलेली असते आणि मग जागा उरल्यास त्याचें वर्णन. प्रत म्हणजे ‘फाईन’, ‘व्हेरी फाईन’, ‘एक्स्ट्रीमली फाईन’ या पायऱ्या, किंवा एक ते सत्तर या श्रेणींतील एखादा आंकडा. (‘फाईन’ म्हणजे सुंदर असें समजणारा नवखा संग्राहक येथेंच फसतो, त्या पायरीवरचें नाणें चांगलेंच झिजलेलें असतें.) या पद्धतीनें खरेदीविक्रीची सोय होते, हें मान्य. संशोधनाच्या दृष्टीनें मात्र तिची परीक्षा करणें अवश्य आहे.

सत्तर गुणांची ही श्रेणी विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांकरितां बसविली. तीं नाणीं दाबयंत्रावर पाडलेलीं, ठसा व चकती यांचें माप जुळणारें. तेव्हां झीज किती झाली हें पाहिलें कीं बहुतेक काम झालें. आमच्याकडील हातानें ठोकलेल्या रुपयांची गोष्ट वेगळी. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें सन किंवा टांकसाळीचें नांव पुष्कळदां चकतीबाहेरच राही. सन नसलेला कोरा करकरीत रुपया वरच्या प्रतींत बसतो. सन व टांकसाळ दोन्ही वाचतां येणारा झिजका रुपया खालीं जातो. सराफांनीं चांदी पारखण्याकरितां मारलेल्या खुणा तर सरळ दोषांत जमा होतात. प्राचीन नाण्यांपुरते ठशाचे व पृष्ठभागाचे गुण निराळे देण्याची रीत आतां कांहीं ठिकाणीं पडली आहे. ती सुधारणा खरी. पण मूळ दृष्टि तीच.

ही दृष्टि कोठें पूर्णपणें फसते तें जोगळटेंभीच्या नाण्यांवरून कळतें. १९०६ सालीं नाशिकजवळील या गांवीं क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा संचय निघाला. त्यांत १३,२५० हून अधिक नाणीं होतीं, व त्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारला होता. मूळ नाण्याच्या एका बाजूस राजाचें मस्तक व ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांवर तीन कमानींचें चैत्यचिन्ह, उज्जयिनी-चिन्ह व सातकर्णीचें नांव उठविलेलें. असें नाणें प्रतवारी करणाराच्या हातीं दिल्यास तो काय म्हणेल? राजाचें नाक चेपलेलें, ग्रीक लेख तुटलेला, वरचा ठसा एकीकडे कललेला. सारांश, प्रत कनिष्ठ.

परंतु त्या नाण्याचें जें वैगुण्य तेंच त्याचें प्रामाण्य होय. नाशिकच्या लेण्यांत बलश्रीचा जो लेख आहे त्यांत गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केल्याचें सांगितलें आहे; पण तो लेख पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा, म्हणजे मागाहूनचा, व त्यांत नहपानाचें नांव नाहीं. एका राजाच्या नांवावर दुसऱ्याचें नांव प्रत्यक्ष बसलेलें दिसतें तें या चेपलेल्या नाण्यांवरच. शिवाय पुनर्मुद्रित व अपुनर्मुद्रित नाणीं एकाच संचयांत कोणत्या प्रमाणांत होतीं, ही गोष्ट कोणत्याहि एका नाण्यावर लिहिलेली नाहीं. ती सबंध संचयाचीच आहे. चांगलीं वेंचून निराळीं काढलीं कीं ती नाहींशी झाली. सुंदर हस्ताक्षराची पण अपपाठांनीं भरलेली पोथी आणि कसरीनें खाल्लेली पण शुद्ध पाठाची पोथी यांतून कोणती ठेवावी, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. नाण्यांच्या बाबतींत मात्र आपणांपैकींच कित्येक पहिली पोथी घेऊन येतात.

छायाचित्रांची स्थिति याहून विचित्र. चांदी आरशासारखी चमकते. प्रकाश समोरून पडला तर अक्षरें बुजतात, एका बाजूनें तिरपा पडला तर उठाव दिसतो. ब्रिटिश म्यूझियमच्या जुन्या सूचींतील चित्रपट नाण्यांचे नसून त्यांच्या प्लास्टरच्या सांच्यांचे आहेत, याचें कारण हेंच. त्यांत धातूचा रंग गेला, पण अक्षर वाचतां येतें. हल्लींच्या रंगीत चित्रांत रंग मनोहर येतो आणि अक्षर जातें. पुनर्मुद्रित नाण्याचें एकच चित्र तर निरुपयोगी. वरचा ठसा सरळ धरून एक आणि खालचें मस्तक सरळ येईल असें नाणें फिरवून दुसरें, अशीं प्रत्येक बाजूचीं दोन चित्रें पाहिजेत. आणि दोन्ही वेळां प्रकाश वरून डावीकडूनच असावा, नाहींतर डोळ्यास उंच तें खोल भासतें. जवळ मापाची पट्टी नसेल तर नाण्याचा आकार तरी कशावरून ठरवावा? जोगळटेंभीच्या नाण्यांवरील मुद्रा एकसारख्या नाहींत; कोठें तरुण, कोठें वृद्ध, नाकडोळेहि निराळे, हें रेव्हरंड स्कॉट यांनींच नमूद केलें आहे. त्या एकाच पुरुषाच्या कीं अनेकांच्या, हा वाद ठसे ताडून पाहिल्याशिवाय पुढें सरकणें नाहीं. आणि ताडण्यास शेंकडों नाण्यांचीं, कनिष्ठ नाण्यांचींहि, चित्रें लागतात. सूचीकार चित्र देतो तें नेमकें उत्तम नाण्याचें.

प्रतीच्या लोभानें होणारा प्रत्यक्ष नाश म्हणजे सफाई. चांदीवरील काळी पुटी गंधकाच्या संयोगानें बनलेली असते. ती चिंचेनें, राखेनें किंवा बाजारी द्रावणानें काढतांना धातूचा वरचा थर व त्याबरोबर दबलेल्या ठशाच्या पुसट रेषा जातात. दुकानांत असें नाणें ‘स्वच्छ’ ठरतें. परदेशांतील जाणते प्रतवारी करणारे अशा नाण्यास दोष देतात, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तथापि त्यांच्याच पारदर्शक डबींत नाणें एकदां बंद झालें कीं तें पुन्हां तोलतां येत नाहीं, व कडेवरील कापल्याची खूण पुरती तपासतां येत नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं नहपानाचीं पुनर्मुद्रित नाणीं असतील त्यांनीं तीं, कितीहि खालच्या प्रतीचीं असोत, न घांसतां तोलून, वर सांगितल्याप्रमाणें दोन्ही बाजूंचीं मिळून चार चित्रें काढून ठेवावीं, आणि नाणें कोठून मिळालें तें त्याच पाकिटावर लिहावें.