बातमीदार किश आणि पक्षकार किश

वृत्तपत्री लेखनाचे पान वाङ्मयाच्या पंक्तीत मांडावे की नाही, हा वाद जुना आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मन भाषेत लिहिणाऱ्या एगोन एर्विन किश याने ते पान मानाच्या जागी मांडून घेतले. प्राग येथील एका ज्यू कापडव्यापाऱ्याच्या घरी १८८५ साली जन्मलेल्या या लेखकाने ‘बोहेमिया’ या तेथील जर्मन दैनिकात उमेदवारी केली. त्या काळची एक हकीकत त्यानेच पुढे आत्मचरित्रात सांगितली आहे. गिरण्यांना लागलेल्या आगीचे वृत्त आणावयास त्याला धाडले. इतरांना मिळाली तेवढी माहिती त्याला मिळेना. तेव्हा आग पाहण्यास जमलेल्या बेघर भटक्यांचे चित्र त्याने मनानेच रचले, आणि ते रचलेले वृत्तच इतरांच्या खऱ्या वृत्तांहून उठून दिसले! कल्पितापेक्षा सत्यच अधिक चित्तवेधक करून दाखवावयाचे, हा त्याचा निश्चय यातून झाला.

तो निश्चय त्याने कितपत पाळला? १९१३ साली ऑस्ट्रियन सैन्यातील कर्नल रेडल हा रशियाचा हेर निघाला व त्याने आत्महत्या केली. प्रकरण दडपले जात असता किशला सुगावा लागला तो, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, फुटबॉलच्या एका सामन्यामुळे. त्याच्या संघातील एक कुलूपवाला खेळाडू सामन्यास आला नाही, कारण कर्नलच्या घराची कुलपे फोडण्यास त्याला नेले होते. सेन्सॉरला चुकविण्यासाठी ही बातमी अफवेचा इन्कार म्हणून छापण्यात आली. पुढील संशोधकांनी या कथेच्या तपशिलाविषयी शंका घेतल्या आहेत. किशचे सत्य बहुधा थोडेसे घासूनपुसून लखलखीत केलेले असे.

१९१८ साली व्हिएन्नातील लाल रक्षकदलाचे नेतृत्व करणारा आणि १९१९ मध्ये कम्युनिस्ट झालेला हा मनुष्य ‘धावता बातमीदार’ या आपल्या गाजलेल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत मात्र लिहितो की, बातमीदाराला स्वतःची भूमिका नसते. हे ढोंग आहे, असे म्हणणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील बेघरांच्या निवाऱ्यात तो स्वतः रात्र काढतो व जे दिसेल ते मांडतो, मत देत नाही. पाय कोठे नेऊन थांबवावयाचे यातच त्याची भूमिका आलेली असते. १९३५ साली पॅरिसच्या लेखकपरिषदेत ‘रिपोर्ताज’ ही कला आहे तसेच लढ्याचे साधनही आहे, असे त्याने उघडच सांगितले.

त्याआधी, नोव्हेंबर १९३४ मध्ये, युद्धविरोधी परिषदेसाठी तो ऑस्ट्रेलियास गेला. सरकारने उतरू दिले नाही, तेव्हा मेलबर्न येथे बोटीवरून धक्क्यावर उडी घेऊन त्याने पाय मोडून घेतला. मग त्याला अडविण्यास आधीपासूनच्या एका कायद्याचा आधार घेण्यात आला. त्यानुसार कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखनाची परीक्षा घेता येई. किश बहुभाषी, म्हणून परीक्षा घेतली ती स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत! तेथील सर्वोच्च न्यायपीठाने बहुमताने ठरविले की, या कायद्याच्या अर्थी गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे. किश सुटला, स्कॉटिश लोक मात्र संतापले. भाषा कोणती आणि बोली कोणती, या वादाची झळ सोसलेल्या आपल्या कोंकणी-मराठी वाचकांना या निकालाचे हसू येईल, आणि थोडे बोचेलही.

किशचा खरा दोष सोव्हिएत भूमीत दिसतो. ‘आमूलाग्र बदललेला आशिया’ (१९३२) या पुस्तकात उझबेक व ताजिक प्रदेशांतील शाळा, कापूस, बुरखा टाकणाऱ्या स्त्रिया यांची वर्णने रसरशीत आहेत. परंतु व्हाइटचॅपेलमध्ये गाद्या-उशांपर्यंत चौकशी करणारी नजर येथे यजमानाने दाखविले तेवढे पाहून तृप्त होते. त्याच सुमारास शेजारच्या कझाक गवताळ प्रदेशात सक्तीच्या सामुदायिक शेतीपायी दहा लाखांहून अधिक माणसे भुकेने मेली. पक्षनिष्ठा हा मूळ दोष नव्हे. व्हाइटचॅपेलचे लेखनही पक्षपातीच होते. दोष हा की, एका यजमानाच्या घरी त्याने पाटाखाली डोकावणे सोडले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये राइखस्टागच्या आगीनंतर नाझींनी त्याला पकडून पुढे हद्दपार केले. त्याची पुस्तकेही जाळली गेली. स्पेन व मेक्सिको येथे काही वर्षे काढून १९४६ साली तो प्रागला परतला आणि मार्च १९४८ मध्ये, कम्युनिस्टांनी तेथील सत्ता हाती घेतल्यानंतर पाचसहा आठवड्यांतच, वारला. त्याचा परागंदेपणातील मित्र ओटो काट्झ याला त्याच सत्तेने डिसेंबर १९५२ मध्ये फाशी दिले.