फुटबॉल क्लबची परकीय मालकी : मुंबई सिटीच्या अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना :
2003 मध्ये अब्रामोविच यांनी चेल्सी आणि 2008 मध्ये अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्या समूहाने मँचेस्टर सिटी हा क्लब विकत घेतला. धनाढ्य परकीय मालकांचा हा प्रवाह 2019 मध्ये मुंबईपर्यंत पोहोचला. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीचे 65 टक्के भागभांडवल घेतले. रणबीर कपूर व बिमल पारेख या संस्थापकांकडे 35 टक्के राहिले. प्रस्तुत लेखात या मालकीची चिकित्सा प्रेक्षकाच्या बाजूने केली आहे.

विवेचन :
या गुंतवणुकीचे फलित नाकारता येत नाही. 2020-21 मध्ये संघाने इंडियन सुपर लीगची लीग शील्ड व करंडक दोन्ही जिंकले. 2022-23 मध्ये पुन्हा शील्ड, तर 2023-24 मध्ये करंडक मिळवला. मात्र पहिले दुहेरी यश कोविडमुळे गोव्यात, रिकाम्या मैदानांवर मिळाले. ज्या शहराचे नाव संघाला आहे, त्या शहराच्या उपस्थितीवाचूनही विजय संपादन करता येतो, हे त्यातून दिसले.

तथापि हा दुरावा परकीयांनी निर्माण केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2014 व 2015 मध्ये संघाचे घरचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत. ठाण्याच्या प्रेक्षकाला ते ट्रान्स-हार्बर मार्गाने सोयीचे होते. 2016 मध्ये हे सामने अंधेरीला गेले आणि डोंबिवली-कल्याणच्या विद्यार्थ्याला वाटेत गाडी बदलणे भाग पडले. हा बदल भारतीय मालकांच्याच काळातला होय. त्याआधी 2010 मध्ये महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ स्वदेशी उद्योगसमूहानेच बंद केला होता.

डिसेंबर 2025 मध्ये, लीगचे भवितव्य अनिश्चित असताना, सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा सोडला व क्लब पूर्णपणे संस्थापकांकडे आला. मालक आले तेव्हा प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. गेले तेव्हाही नाही. आपल्याकडील व्यावसायिक क्लबमध्ये तो ग्राहक आहे, सभासद नाही. जर्मनीत काही अपवाद वगळता मतदानाचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राखणारा नियम आहे. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ मिल्टन कीन्सला हलवण्यास मान्यता मिळताच 2002 मध्ये समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब उभारला. आपल्या प्रेक्षकाच्या हाती असे साधन नाही.

निष्कर्ष :
सारांश, मालक देशी की परदेशी हा प्रश्न दुय्यम आहे. मालकाच्या निर्णयावर प्रेक्षकाचा काही अंकुश आहे काय, हा खरा प्रश्न होय. मैदान बदलणे, क्लब विकणे वा बंद करणे यांपूर्वी समर्थकांचे मत घेण्याचे बंधन नियमात आल्याशिवाय, ठाणे-डोंबिवलीच्या तरुणाने अंगावर चढवलेली आकाशी जर्सी ही निष्ठेची खूण असली तरी हक्काची खूण ठरणार नाही.