स्मृतिदिनाचे भाषण : उरण आणि महाड

उरण तालुक्यात वर्षातून दोनदा भाषणांचा हंगाम येतो. २५ सप्टेंबरला चिरनेरला, १९३०च्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेल्यांसाठी; आणि १६-१७ जानेवारीला जासई-पागोटे परिसरात, १९८४ साली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध लढताना दोन दिवसांत गेलेल्या पाच शेतकऱ्यांसाठी. या भाषणांकडे वाङ्मय म्हणून सहसा कुणी पाहत नाही. पाहायला हवे. ज्यांना सगळे ठाऊक आहे त्यांच्यापुढे काय बोलायचे, हा वक्तृत्वाचा जुना पेच इथे उघडा पडतो.

बहुतेक वक्ते तो टाळतात. आधी मान्यवरांची नावे, मग ‘बलिदान’, ‘सांडलेले रक्त’, मग इतिहास अगदी पहिल्यापासून. तोही ज्यांच्या घरातला माणूस त्या मोर्चात होता त्यांना. मीही असे भाषण केले आहे. चार दिवस खपून लिहिले, आरशापुढे म्हणून पाहिले. घरी आम्ही आगरी माणसे ‘पानी’ म्हणतो. माझ्या कागदावर ‘जल’ आले होते. समोरच्या बायांनी शांतपणे ऐकून घेतले, एवढेच. तयारी भरपूर होती, पण ती शब्दांची होती.

वेगळ्या तयारीचा नमुना याच जिल्ह्यात सापडतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. आंबेडकरांनी केलेले अध्यक्षीय भाषण आज छापील वाचायला मिळते. चवदार तळ्यावर पाणी भरू न देण्याचा अपमान श्रोत्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. आंबेडकर त्यावर रेंगाळत नाहीत. हे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नाही, आपण आलो ते माणूस म्हणून समान आहोत हे ठरवायला, असा त्यांचा रोख. मग ते थेट १७८९च्या फ्रान्समध्ये जातात आणि महाडच्या मांडवाची तुलना तिथल्या राष्ट्रसभेशी करतात. तो भाग ऐकायला थोडा लांबला असेल, मला वाचतानाही लांबतो. पण पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलेल्या माणसांसमोर तो गाळावा असे त्यांना वाटले नाही. लोकांना त्यांचे दुःख माहीत होते. त्यांच्या कृतीचा आकार माहीत नव्हता. भाषणाने तो दाखवला. त्याच परिषदेत, कोर्टाचा मनाई हुकूम आल्यामुळे, तळ्यावर जायला सज्ज झालेल्यांना थांबायला सांगणारे भाषणही त्यांनाच करावे लागले. ते अधिक अवघड असणार.

उरणकडे असा छापील ऐवज तुटपुंजा आहे. जासईचे दि. बा. पाटील विधानसभेत काय बोलले ते कार्यवाहीत मिळते, कारण तिथे लघुलेखक बसतो. मैदानात तो नसतो. मग आपण मैदानी भाषणाची कल्पना शालेय वक्तृत्व स्पर्धेवरून करतो, आणि दर जानेवारीत तीच ऐकू येते.

कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे चहा होतो. तिथे म्हातारी माणसे दास्तान फाट्यावर आपण नेमके कुठे उभे होतो, हात धरून कुणी मागे ओढले, हे आगरीत सांगत असतात. तोवर ध्वनिक्षेपकवाला वायर गुंडाळायला लागलेला असतो.