बशीतले वर्तुळ आणि बागेतला केवडा

नाशिक परिसरातील शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेलो की एक तक्ता हमखास भेटतो : 'मित्र जीवाणू, शत्रू बुरशी'. त्यात काचेच्या बशीचे चित्र असते. मधोमध जीवाणूंचा ठिपका आणि त्याभोवती बुरशी न वाढलेले स्वच्छ वर्तुळ. शेजारी द्राक्षाचा घड आणि खाली निष्कर्ष : केवडा, भुरी, करपा या तिन्ही रोगांवर जीवाणू हा रामबाण उपाय.

मुलांची मेहनत दिसते. चित्रही खोटे नाही. बॅसिलस सबटिलिससारखे जीवाणू इटुरिन, फेंजायसिन ही द्रव्ये स्रवतात व त्यांनी बुरशीचे पेशीपटल फाटते. करप्याची बुरशी बशीतल्या पोषक माध्यमावर वाढते. तिच्यावर हा प्रयोग करता येतो.

परंतु केवडा आणि भुरी यांचे रोगकारक फक्त जिवंत वेलीवरच जगतात. अशा माध्यमावर ते वाढतच नाहीत. मग बशीत जीवाणूंनी अडवले कोणाला? शिवाय केवड्याचा प्लास्मोपारा व्हिटिकोला ही खरी बुरशीही नव्हे. तो ऊमायसीट गटातला, तपकिरी शैवालांचा दूरचा नातेवाईक आहे. एकावरून तिघांचा निष्कर्ष काढणे हा तक्त्याचा मुख्य दोष आहे.

दुसरा दोष 'रामबाण' या शब्दात आहे. जीवाणू हे औषध नव्हे, सजीव आहे. रोग येण्यापूर्वी ते पानावर स्थिरावलेले असावे लागतात. ऊन त्यांना मारते, पाऊस धुऊन नेतो. ताम्रयुक्त बोर्डो मिश्रण बुरशीप्रमाणे जीवाणूंनाही मारक ठरू शकते. उलट केवड्याला ओलावा हवाच असतो. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पर्णरंध्रांपर्यंत पोचतात. ऑक्टोबर छाटणीनंतर घड कोवळे असताना पाऊस आला, की काय होते हे नोव्हेंबर 2009 च्या अवकाळी पावसात बागाईतदारांनी अनुभवले. तक्त्यावर विसंबणाऱ्याचे अशा वेळी वर्षाचे पीक जाते.

याचा अर्थ जीवाणू निरुपयोगी असा नाही. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षवेलींवरच्या बॅसिलस जीवाणूंचा अभ्यास झाला आहे. काढणी जवळ आली की रासायनिक फवाऱ्याचे अवशेष मण्यांत राहण्याची भीती असते. तेव्हा भुरीसारख्या रोगावर अशा जीवाणूंचे मोल मोठे आहे. मात्र ते वेळेवर, योग्य रोगावर आणि छाटणी, खेळती हवा यांच्या जोडीने वापरायला हवेत.

शिक्षकांनी हा तक्ता काढून टाकू नये, त्याखाली तीन प्रश्न लिहावेत. कोणता रोगकारक? बशीत की वेलीवर? आणि तुलनेसाठी नुसत्या पाण्याची फवारणी केलेली ओळ होती का? एखाद्या पालकाच्या बागेत दोन-दोन ओळी आखून, पानांवरचे डाग मोजून आलेली वही मला त्या स्वच्छ वर्तुळापेक्षा अधिक गुणांची वाटेल. मग उत्तर 'फरक पडला नाही' असे का असेना.