शिकार, पारध आणि 'फारसी' हा शिक्का

मराठीतील फारसी शब्दांवर लिहिताना आपल्याकडे दोन सवयी दिसतात. एक पक्ष हे शब्द मोजतो आणि परके ठरवतो. दुसरा पक्ष तेच शब्द मोजून अभिमान बाळगतो, आणि त्यात आपल्या समाजातील लेखकही येतात. मोजणी दोघांचीही सारखीच. माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी १९२५ च्या फारसी-मराठी कोशात पाया घातला. पुढचे बरेचसे लेखन मात्र यादीपाशीच थांबले. शिकारीच्या शब्दांत ही उणीव चटकन जाणवते.

'शिकार' हा शब्द फारसी, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण इराणी भाषांत शिकारीसाठी दुसराही एक जुना शब्द होता, 'नख्चीर'. तो सासानी काळच्या पहलवीत आढळतो. आर्मेनियन भाषेने तो उचलला आणि तेथे त्याचा अर्थ 'कत्तल' असा झाला. ॲरमाइकमध्येही तो गेला. म्हणजे इस्लामच्या आधीच या शब्दाने पश्चिमेकडे मोठा प्रवास केला होता. फारसी म्हणजे मुसलमानी, हे दोन्ही पक्षांचे लाडके समीकरण येथेच मोडते. मराठीत मात्र नख्चीर रुजला नाही, 'शिकार' रुजला. माझ्या मते याचे कारण असे, की दख्खनमध्ये हे शब्द काव्यातून कमी आणि दरबारी खात्यांतून अधिक आले. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या प्रचलित यादीत शिकारखाना येतो. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या शिकारखान्यात तर पाळलेली जनावरे बघायला मिळत. शब्द फारसी, पण त्याला हा अर्थ पुण्याने दिला.

शब्द नवा म्हणून वस्तू नवी होती असे नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात ससाण्याच्या शिकारीचे वर्णन आहे. फारसीने 'बाज' दिला, 'शाहीन' दिला. 'बहिरी ससाणा' यातील बहिरी तर मुळात अरबी, 'समुद्राकडचा' या अर्थाचा. त्याचा बहिरेपणाशी काही संबंध नाही, हे वर्गात सांगितलेले बरे. उलट चित्त्याचा फारसी 'यूझ' येथे टिकला नाही, कारण 'चित्ता' घरचाच होता. हाका, मचाण, फास, जाळे, वाघूर हेही घरचेच. खाते आणि मानाचे पक्षी यांची नावे दरबाराची, रानात राबणाऱ्यांची नावे रानाची, अशी ही वाटणी आहे. कोशातील 'फा.' या एका अक्षरातून ती कळत नाही.

लिंगाचेही तसेच. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. गुजरातीत शिकार पुल्लिंगी, मराठीत स्त्रीलिंगी. भेस्तान-उधन्याकडील खानदेशी घरांतील मुले शाळेत 'शिकार कर्यो' ऐकतात आणि घरी 'शिकार केली'. मराठीत हे स्त्रीलिंग 'पारध' या जुन्या शब्दामुळे आले असावे, असा माझा अंदाज आहे.

या पारधेचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या शब्दचर्चेत सहसा येत नाही. शिकार सरदाराची आणि साहेबाची राहिली. पारध करणाऱ्या जमातीवर मात्र १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत 'गुन्हेगार' असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीला दोघांनाही बंदी आली, तरी 'शिकारी' म्हटले की शौर्याच्या गोष्टी आठवतात आणि 'पारधी' म्हटले की पोलीस ठाणे. 'पारधी म्हणजे शिकारी' एवढाच अर्थ फळ्यावर लिहून पुढे जाणारा शिक्षक या दोन शब्दांतील सगळे अंतर गाळून टाकतो.