ओणव्या पाठींचा हिशेब

फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रांस्वा मियेचे ओंब्या वेचणाऱ्या बायकांचे रंगचित्र १८५७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागले आणि पुढे जगभर पोचले. त्याआधी, १८५५-५६च्या सुमारास, मियेने हाच प्रसंग तांब्याच्या पत्र्यावर उतरवला होता. मेणाचा लेप, त्यावर सुईच्या रेघा, मग आम्ल आणि शाई. एवढ्यातून निघालेले हे वीतभर रुंदीचे एचिंग मला रंगचित्राहून जवळचे वाटते. इथे मन रमवायला रंग नाही. नजर थेट कष्टावर जाते.

कापणी उरकली आहे. दोघीजणी कमरेत पार वाकून पडलेल्या ओंब्या टिपताहेत. एकीने मोकळा हात पाठीशी घेतला आहे, त्यात वेचलेल्या ओंब्यांची जुडी. तिसरी अर्धवट ओणवी. चेहरे जेमतेम दिसतात. सारे बोलणे पाठी, खांदे आणि हात करतात. गंजी आणि भरलेली गाडी दूर, लहान, हलक्या रेघांत. बायकांच्या अंगावर मात्र दाट रेघांचे वजन. ज्यांच्या पदरात सर्वांत कमी पडले, त्यांना कागदावर सर्वांत मोठी जागा मिळाली आहे.

नॉर्मंडीच्या समुद्रकाठी, शेतकऱ्याच्या घरात वाढलेला मिये स्वतः शेतात राबला होता. या पाठी त्याला आतून ठाऊक होत्या. अलिबाग-पेणच्या खारेपाटालाही त्या ठाऊक आहेत. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, वाकून लावणी, वाकून कापणी, आणि मागे राहिलेला सरवा वेचायचा तोही वाकूनच. धान्य मात्र जमीनदार खोताच्या घरी जायचे. म्हणून १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्याच चरी गावच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला. १९३९पर्यंत त्यांनी हाल सोसले, पण खोताची जमीन कसली नाही.

मियेच्या बायका कुणाविरुद्ध उभ्या नाहीत. तरी १८४८च्या क्रांतीची धग ताजी असलेल्या पॅरिसमध्ये काही समीक्षकांना त्यांच्यामागे बंडाची सावली दिसली. ती भीती अगदीच निराधार नव्हती. गरिबाकडे कणवेने पाहणारे चित्र पाहणाऱ्याला सुखरूप घरी पाठवते. मिये मात्र राबणारे हात आणि धान्याच्या राशी यांतले अंतर एकाच कागदावर मोजून दाखवतो. चरीच्या कुळांनी खोतांपुढे मांडलेला हिशेब याच अंतराचा होता.