खोऱ्याचा आकार : नावे चार, मापे दोन

नदीखोऱ्यांच्या आकारमापनावरील प्रबंधांत एक कोष्टक हटकून आढळते. ग्रॅव्हेलियसचा संहतता-गुणांक (१९१४), हॉर्टनचा आकार-गुणक (१९३२), मिलरचे वर्तुळता-गुणोत्तर (१९५३) आणि शुमचे दीर्घता-गुणोत्तर (१९५६) ही चार मूल्ये एकाखाली एक मांडावयाची, आणि चारही साक्षी जुळतात, सबब खोरे लांबट आहे, असा निर्णय द्यावयाचा. नावे निराळी म्हणून अर्थही निराळे, असे मानण्याची मुभा भाषाशास्त्राच्या अभ्यासकास नसते. म्हणून ह्या साक्षी तपासणे प्राप्त होते.

हॉर्टन क्षेत्रफळास लांबीच्या वर्गाने भागतो. शुम तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास घेऊन त्यास लांबीने भागतो. लांबी तीच धरली, तर दुसरे मूल्य म्हणजे पहिल्याच्या वर्गमूळाची १.१२८ पट होय, पहिले ०.२५ असता दुसरे ०.५६ येणारच. मिलर व ग्रॅव्हेलियस ह्यांना क्षेत्रफळ आणि परिमिती एवढीच लागतात, आणि एकाच्या वर्गमूळाचा व्यस्त म्हणजे दुसरा. हे केवळ पर्यायशब्द झाले. एकच साक्ष दोनदा नोंदविल्याने ती बळकट होत नाही.

त्यांतही परिमिती फसवी. जलविभाजक सह्याद्रीच्या फाट्यांवरून वळणे घेत जातो. नकाशा जितका मोठ्या प्रमाणाचा, तितकी वळणे अधिक उमटतात, परिमिती वाढते व वर्तुळता घटते. खोरे मात्र होते तेच असते. नकाशाचे प्रमाण न सांगता दिलेली वर्तुळता म्हणूनच निरर्थक होय.

याहून मूलभूत प्रश्न हा की, खोरे म्हणजे कोणते? अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात मुळेचे खोरे व प्रवरेचे खोरे अशी दोन नावे रूढ आहेत. परंतु मुळा नेवासे तालुक्यात प्रवरेसच मिळते. त्या संगमाच्या वर मोजणी थांबविली, तर प्रवरेचे खोरे एक. गोदावरीकाठी प्रवरासंगमापर्यंत नेली, तर लांबी थोडीच वाढते, पण मुळेचे सारे पाणलोट क्षेत्र आत येऊन आकार-गुणक एकाएकी चढतो. पुराचा लोंढा एकवटून येईल की रेंगाळत, याचा अंदाज ह्याच अंकावरून बांधतात. शिवाय प्रवरेचा ओघ भंडारदऱ्यास (१९२६) व मुळेचा बारागाव नांदूर येथे अडविलेला आहे. तेव्हा कोष्टकाच्या शिरोभागी मोजणीचे अंतिम स्थान लिहावे, आणि धरणांच्या वरचे व खालचे क्षेत्र वेगवेगळे मोजावे.